धाग्यांची वयं

‘हा शेला पेशवाईतला आहे,’ असं सांगणारं एखादं घर आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. सणासुदीला पेटी उघडते, जुन्या धोतरात गुंडाळलेलं वस्त्र बाहेर येतं आणि त्याचं वय माणसागणिक बदलत जातं. आजी म्हणते सासूबाईंच्या लग्नातला, काका म्हणतात त्यांच्याही सासूचा, आणि धाकटा पुतण्या फोटो काढून खाली ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ असं लिहून मोकळा होतो. शेल्याला मात्र कुणी विचारत नाही. वास्तविक उत्तर त्याच्याकडेच असतं: काठाच्या विणीत, जरीच्या गाभ्यात, शिवणीच्या आत दडलेल्या रंगात, अस्तरावरच्या अर्धवट पुसलेल्या छापात.

साड्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. साडीच्या आणि अंगरख्याच्या अवतीभवती वावरणाऱ्या लहान वस्त्रांकडे तेवढं लक्ष गेलं नाही. शेला, उपरणं, शालजोडी, पगडी, जरीची टोपी, बाळाची कुंची, पैशांचा बटवा, पानसुपारीची चंची. वय शोधणाऱ्याला हीच वस्त्रं सर्वांत जास्त सांगतात. साडी नेसून नेसून विरते. तिच्या धड राहिलेल्या पदराची कुंची होते, काठ बटव्याला लागतो, उरलेल्या तुकड्याची चंची शिवली जाते. तळहातावर मावणाऱ्या बटव्यात तीन पिढ्यांचं कापड असू शकतं.

म्हणून पहिला नियम असा की अशा वस्तूला एकच वय नसतं. प्रत्येक भागाचं वय वेगळं काढायचं, नंतरची दुरुस्ती बाजूला ठेवायची, आणि मग उरलेल्यांतला सर्वांत नवा भाग कोणता ते पाहायचं. वस्तू आजच्या रूपात त्याच्या आधी तयार झालेली असू शकत नाही. जरीच्या टोपीत ताठपणासाठी भरलेला कागद वर्तमानपत्राचा निघाला आणि त्यावर तारीख दिसली, तर ती टोपी त्या तारखेच्या आधीची नाही, एवढं नक्की. किती नंतरची, ते बाकीच्या खुणा सांगतील. प्रयोगशाळेतली कार्बन चाचणी इथे फारशी उपयोगी पडत नाही. साधारण 1650 ते 1950 या काळातल्या वस्तूंसाठी तिची उत्तरं इतकी पसरट येतात की आपल्या पेटीतल्या बहुतेक प्रश्नांना ती पुरत नाहीत. भरवसा ठेवायचा तो डोळ्यांवर, बोटांवर आणि एका चांगल्या भिंगावर.

आधी उलटी बाजू

जुन्या पैठणीचा तुकडा जाणत्या विणकराच्या हाती दिला की तो आधी उलटा करून बघतो. हातमागावरच्या अस्सल पैठणी पदरात प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या छोट्या तिल्लीवर असतो. तो आपल्या नक्षीच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. म्हणूनच पोपट, कमळ, वेल मागूनही पुढच्याइतकेच स्वच्छ दिसतात. जॅकार्डवर विणलेल्या नक्षीत रंगीत धागे मागून आडवे धावतात. ते तसेच सुटे राहिलेले असतात किंवा कापून टाकलेले असतात. शेल्याच्या पदरामागे अशी कापलेल्या धाग्यांची लव दिसली तर त्याला पेशवाईत नेऊन बसवता येत नाही. जोसेफ-मारी जॅकार्डचं यंत्रच 1804 च्या सुमाराचं, फ्रान्समधल्या ल्योंचं, आणि आपल्या मागांवर ते आलं त्यानंतर खूप उशिरा.

पण ही खूण उलट्या दिशेनं चालत नाही. मागची बाजू स्वच्छ आहे म्हणून वस्त्र जुनं ठरत नाही, कारण येवल्यात आणि पैठणला तसं विणकाम आजही होतं. आणि मागे सुटे धागे आहेत म्हणून प्रत्येक वस्त्र कमअस्सलही ठरत नाही. औरंगाबादच्या हिमरू शालीचा ताणा सुती असतो, नक्षीचा जादा बाणा रेशमाचा, आणि तो मागून सुटाच धावतो. ती त्या विणीची रीत आहे. पैठणीची कसोटी हिमरूला लावली की चांगल्या वस्तूवर अन्याय होतो. म्हणजे वय विचारण्याआधी वस्त्राची जात विचारावी लागते.

शालजोडीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. मराठी दरबारांत मानाची शाल देण्याची प्रथा होती, त्यामुळे जुन्या घराण्यांतल्या शाली सरसकट काश्मिरी मानल्या जातात. काश्मिरी कानी शालीत प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या काडीवरून तिरप्या विणीत गुंफलेला असतो; मागे रंगांच्या सांध्यांवर बारीक उंचवटे बोटाला लागतात. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या शाली अनेक तुकडे विणून रफूगरांनी इतक्या नाजूकपणे जोडलेल्या असतात की सांधा शोधायला उजेडासमोर धराव्या लागतात. युरोपात नॉर्विच, एडिंबरा, पेझली आणि ल्यों इथे त्यांच्या नकला तयार होत. त्यांच्या मागे समांतर धागे, नंतर कातरलेले, अगदी एकसारखे दिसतात.

नक्षीतली कोयरीही काळ सांगते. सतराव्या शतकात तिथे मुळांसकट एकच फुलझाड असे. पुढे त्याचा गुच्छ झाला, गुच्छाला शेंडा फुटून तो वाकला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोयरी लांबट होत शालभर पसरली. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानं युरोपातलं गिऱ्हाईक गेलं, 1877 नंतरच्या दुष्काळानं काश्मिरातले विणकर देशोधडीला लागले. त्या काळातली शालभर कोयऱ्यांची जड वस्त्रं म्हणजे त्या धंद्याचा अखेरचा बहर. अंगठीतून शाल ओढून दाखवण्याची रीत मात्र विसरावी. त्यातून कापड पातळ आहे एवढंच कळतं. पातळ रेयॉनसुद्धा अंगठीतून जातं.

एक धागा पुरे

कापड कशाचं आहे हे ठरवायला शिवणीच्या आतला एकच सुटा धागा लागतो. वस्त्राला काडी लावायची नाही. धागा चिमट्यात धरून, ताटलीवर, पाण्याचं भांडं जवळ ठेवून जाळायचा. सूत कागदासारखं जळतं, मागे मऊ करडी राख राहते. रेशीम आणि लोकर नीट पेट घेत नाहीत, ज्योत काढली की विझतात, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेली काळी गोळी बोटांत चुरगळते. नायलॉन आणि पॉलिएस्टरचा वितळून टणक मणी होतो, तो चुरगळत नाही. रेयॉन मात्र फसवतं. चकाकी रेशमाची, पण ते जळतं कागदासारखं. त्यासाठी दुसरी सोपी परीक्षा आहे: धागा ओला करून ओढायचा. व्हिस्कोस रेयॉनचं बळ ओलं झाल्यावर निम्म्याच्या आसपास येतं, तो तटकन तुटतो. सूत उलट ओलं झाल्यावर जास्त ताण सोसतं.

भिंग त्याहून पुढे नेतं. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा, लोकरीचा खवल्यांचा आणि रेशमाचा नितळ काचेचा दिसतो. कापूस आहे पण पीळ सुटून गोल, चकचकीत झाला आहे, तर तो मर्सराइज केलेला. जॉन मर्सरनं ही कृती 1850 मध्ये पेटंट केली. धागा ताणून धरून चकाकी आणण्याची सुधारणा 1890 च्या सुमारास झाली आणि मग तो बाजारात पसरला. तेव्हा चकचकीत सुताचं उपरणं एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीच्या आधीचं धरता येत नाही.

बाकीच्या तंतूंच्या जन्मतारखा ठाऊक असणं म्हणजे हाती पंचांग असणं. व्हिस्कोसचा शोध 1892 चा, इंग्लंडमध्ये कोर्टोल्ड्सनं त्याचं उत्पादन सुरू केलं 1905 मध्ये. आपल्या बाजारात हे ‘नकली रेशीम’ दोन महायुद्धांच्या दरम्यान फोफावलं, आणि स्वातंत्र्यानंतर कल्याणजवळ मोहने आणि शहाड इथल्या कारखान्यांत ते तयारही होऊ लागलं. नायलॉनचे मोजे अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आले मे 1940 मध्ये. पॉलिएस्टरचा शोध 1941 चा. टेरिलीन, टेरीकॉट आपल्या घरांत आलं 1960 आणि 70 च्या दशकांत. पणजीच्या बटव्याचं अस्तर नायलॉनचं निघालं तर एकतर बटवा पणजीचा नाही किंवा अस्तर नंतरचं आहे. दोन्ही शक्यता तपासायच्या.

जरीचा गाभा

आपल्या वस्त्रांत सर्वांत जास्त सांगते ती जर. अस्सल जरीसाठी चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून, तापवून, ठोकून ती एकजीव करत आणि मग जंतरपट्टीच्या बारीक बारीक छिद्रांतून ओढून केसासारखी तार काढत. तार चपटी केली की बादला. तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की कलाबूत. आतलं रेशीम सोनेरी जरीसाठी पिवळं आणि रुपेरी जरीसाठी पांढरं घेत, म्हणजे फटीतून दुसरा रंग डोकावणार नाही. म्हणून जरीचं एक सुटलेलं टोक भिंगाखाली उलगडलं की निम्मं काम होतं. आत पिवळं रेशीम, बाहेर काळपट पडलेली चांदी: अस्सल, आणि जुनी असण्याची शक्यता मोठी. आत सूत किंवा रेयॉन, झिजलेल्या जागी तांबूस झाक, घडीच्या कोपऱ्यात हिरवा गंज: तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली नकली जर. विजेच्या साहाय्यानं मुलामा देण्याची एल्किंग्टन यांची इंग्लंडमधली पेटंटं 1840 ची, त्यामुळे विजेनं मुलामा दिलेल्या जरीला त्यामागे ढकलता येत नाही. आणि जर काळीही पडत नाही, हिरवीही होत नाही, चपटी पट्टी नखानं खरवडल्यावर पारदर्शक प्लॅस्टिकसारखी दिसते, तर ती धातूचा थर दिलेली फिल्म. ती दुसऱ्या महायुद्धानंतरची.

इथेच आपल्या वस्त्रांचा सर्वांत मोठा नाश झाला आहे. जर अस्सल होती म्हणूनच ती जाळली गेली. बोहारणीनं जुनी साडी घेतली, बदल्यात पातेलं दिलं, आणि कापड पुढे कुणाच्या तरी मुशीत गेलं. राखेतून चांदी वेगळी झाली. चांदीचा भाव वजनावर मिळाला, विणकराच्या महिन्यांच्या कामाला काहीच मिळालं नाही. नकली जरीची वस्त्रं मागे उरली आणि अस्सल वितळली, असं अनेक घरांत घडलं आहे. आज पेटीत काळवंडलेल्या काठाचा शेला सापडला तर त्याचा काळेपणा ही त्याच्या अस्सलपणाची खूण असू शकते. चिंच, लिंबू, टूथपेस्ट लावून तो चकचकीत करू नये.

रंग, बाहेरचा आणि आतला

1856 मध्ये लंडनच्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनाइन तयार करताना जांभळा रंग सापडला आणि रंगांच्या जगाला तारखा मिळाल्या. मॅजेंटा 1859 चा. मंजिष्ठेतलं अलिझरीन कृत्रिमरीत्या तयार झालं 1868-69 मध्ये. कृत्रिम नीळ बाजारात आली 1897 मध्ये. त्याआधी आपल्या रंगाऱ्यांकडे मंजिष्ठा, आल, लाख, कुसुंबा, पतंग, हळद आणि नीळ होती, आणि रंग पक्का करायला तुरटी, लोह आणि हिरडा.

नुसता भडक रंग बघून निकाल देऊ नये. राणी रंग दिसला की रासायनिक, असं म्हटलं जातं. पण कुसुंब्याचा गुलाबीही ताजा असताना डोळे दिपवतो. फरक उतरण्यात आहे. कुसुंबा उन्हात आणि साबणात टिकत नाही. म्हणून बघायची ती शिवणीच्या आतली, दुमडीखालची, अस्तरामागची जागा, जिथे उजेड पोचलेला नाही. बाहेरचा आणि आतला रंग शेजारी ठेवून वाचायचा. जुना हिरवा बहुधा निळीवर हळदीचा किंवा दुसऱ्या पिवळ्याचा हात देऊन केलेला. पिवळा आधी उडतो आणि खाली निळा उरतो. जुन्या पैठणीतले पोपट निळसर दिसतात, त्यांतल्या अनेकांची गोष्ट हीच. काळ्या धाग्यांची वेगळी. लोह आणि हिरड्यानं केलेला काळा रंग धाग्यालाच खातो. लाल, पिवळे धागे शाबूत आणि नक्षीची काळी रेघ तेवढी झडलेली, असं दिसलं तर तो लोहाचा काळा.

चहाच्या पाण्यात बुडवून नवं कापड ‘जुनं’ करून विकणाऱ्यांनाही शिवणच उघडी पाडते. चहा आतबाहेर सारखाच चढतो. ऊन आत शिरत नाही.

नोटा तपासायच्या जांभळ्या उजेडाचा दिवा अंधारात कापडावर धरला तर आणखी एक गोष्ट कळते. पांढरं सूत निळसर चमकलं तर त्यावर चकाकी आणणारं रसायन आहे. ते सर्रास वापरात आलं 1940 च्या दशकापासून. मात्र ते कापडात मुळातच होतं की नंतरच्या धुलाईच्या पावडरीतून आलं, हे दिवा सांगत नाही. आपल्याकडे सर्फ 1959 मध्ये आला. म्हणून न चमकणारं पांढरं कापड जुनं असण्याची शक्यता वाढते. चमकणारं नवंच आहे, असं मात्र म्हणता येत नाही.

छाप, टाका, बटण

अस्तराकडे कुणी बघत नाही, आणि नेमकी तारीख अनेकदा तिथेच मिळते. 1889 च्या कायद्यानं गिरणीतल्या सुती ताग्यावर लांबीचा छाप मारणं बंधनकारक केलं. त्या छापाचा तुकडा टोपीच्या किंवा चंचीच्या आत टिकून राहतो. त्यावर यार्ड असेल तर एक काळ, मीटर असेल तर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा काळ. किमतीत आणे असतील तर 1957 च्या आधीचं. ‘नवे पैसे’ असतील तर 1957 ते 1964 या सात वर्षांतलं. दुकानाच्या पट्टीवर सहा आकडी पिनकोड असेल तर 1972 नंतरचं. रेशमाची ‘सिल्क मार्क’ खूण 2004 ची, ‘हँडलूम मार्क’ 2006 ची.

टाकाही बघावा. हाताची शिवण थोडी उणीअधिक जाते. दोन धाग्यांची, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी सरळ शिवण यंत्राची. शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं, आपल्या घरांत ते बरंच नंतर आलं. टिचबटण 1885 च्या पेटंटचं. बटव्याची दातेरी चेन आजच्या रूपात 1913 च्या सुमारास सिद्ध झाली. प्लॅस्टिकच्या दात्यांची असेल तर आणखी अलीकडची.

एका कुंचीचं वाचन

या सगळ्या खुणा एकत्र कशा चालतात ते एका ओळखीच्या घरातल्या कुंचीवर दिसलं. घरात सांगत, ती पणजीच्या बारशाची. पणजी जन्मली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

डोक्यावरचा भाग रेशमी, बुट्ट्यांचा, मागून पुढून सारखा. बुट्टीतल्या हिरव्याची बाहेर निळसर छटा झालेली, शिवणीच्या आत तो अजून पोपटी. जरीच्या गाभ्यात पिवळं रेशीम, बाहेर काळी चांदी. हा तुकडा पणजीच्या जन्माइतका जुना सहज असू शकतो, कदाचित अधिकही. पण पाठीवर रुळणारी राणी रंगाची झालर ओला धागा ओढताच तुटली, आणि जळताना कागदाचा वास आला: रेयॉन. अस्तर गिरणीचं; त्यावर निळ्या शाईत यार्डाचा अर्धा छाप. डोक्याच्या भागाला हाताचे टाके, झालरीला यंत्राचे. गळ्याशी टिचबटण. दिव्याखाली अस्तर निळसर चमकलं, रेशीम नाही.

रेयॉनमुळे आजच्या रूपातली कुंची 1920 च्या दशकाच्या फार मागे जात नाही. यार्डाच्या छापामुळे अस्तर 1960 च्या फार पुढे जात नाही. अस्तराची चमक धुलाईच्या पावडरीतून आली असेल, तर पावडर घरात आल्यानंतरही कुंची धुतली गेली, म्हणजे वापरात होती. बहुधा पणजीच्या घरातल्या जुन्या पदराचा तुकडा राखून पुढे तिच्या लेकरासाठी किंवा नातवंडासाठी कुंची शिवली गेली आणि मग ती एकेका बाळाच्या डोक्यावरून फिरत राहिली. घरच्यांची आठवण खोटी नव्हती. ती सर्वांत जुन्या तुकड्याला धरून राहिली होती. ‘पणजीची कुंची’ या दोन शब्दांत मावत नव्हता तो चार पिढ्यांचा व्यवहार वाचनातून उलगडला. मला ही कुंची ‘शंभर वर्षांपूर्वीच्या’ कुठल्याही कोऱ्या कुंचीपेक्षा मोलाची वाटते.

तुलनेसाठी काय

ओळखणं हे शेवटी तुलनेवर उभं असतं, आणि तुलनेला तारीख ठाऊक असलेले नमुने लागतात. असा एक मोठा संच तयार झाला तो आपल्या विणकरांच्या बाजारावर डोळा ठेवून. फोर्ब्स वॉटसन यांनी 1866 मध्ये भारतीय कापडांचे 700 नमुने 18 खंडांत लावले; असे 20 संच केले, 13 ब्रिटनसाठी आणि 7 भारतासाठी. इंग्लंडमधल्या गिरण्यांनी इथल्या पसंतीचा माल कसा विणावा हे शिकवणं हा त्यांचा उघड हेतू होता. आज त्याच खंडांमुळे 1866 पूर्वीचं सूत, काठ आणि रंग कसे होते हे बघता येतं. अहमदाबादचं 1949 मध्ये स्थापन झालेलं कॅलिको संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय इथे तासभर फक्त काठ आणि जर बघत उभं राहिलं तर डोळ्यांना वळण लागतं. घरगुती वस्तूंच्या ओढीनं केळकरांनी एकहाती संग्रह केला. बटवे आणि टोप्याही इतिहासाचा भाग आहेत हे तिथे पटतं.

आणि कायदाही माहीत असावा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या लेकीला पणजीचा शेला पाठवण्याआधी त्याचं वय ठरवणं ही निव्वळ हौस राहत नाही.

या दिवाळीत पेटी उघडाल तेव्हा एवढं करा. वस्त्र धुऊ नका, इस्त्री करू नका. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळा, लाकडाला थेट टेकू देऊ नका, घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडा. जुन्या शेल्याला पहिली चीर घडीवरच पडते. दोन्ही बाजूंचे, काठाचे, अस्तराचे, छापाचे फोटो काढा. मग घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला शेजारी बसवून ते काय सांगतात ते कागदावर लिहा, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह. त्याखाली भिंगातून तुम्हाला जे दिसलं ते लिहा. दोन्ही जुळले नाहीत तरी एकही खोडू नका. तो कागद वस्त्राला न टाचता शेजारी ठेवा. ज्यानं हा शेला विणला त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही, आता ते मिळणारही नाही. पण त्याच्या हातानं कोणता धागा, कोणता रंग, कोणती जर निवडली हे आपण लिहून ठेवू शकतो, आणि लिहून ठेवलेली वस्तू मुशीत टाकायला पुढच्या पिढीचा हात सहजी धजत नाही.